दाव्याची रक्कम

माझे वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. काल्हेरला एका गोदामाच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून त्यांची जागा होती. जागा म्हणजे वर दोन पत्रे, खाली जुन्या ताडपत्रीची बैठक आणि जाड दोऱ्याचं मशीन. ट्रकवाले फाटकी ताडपत्री आणून टाकायचे, आणि ते चहा पिऊन परत येईपर्यंत बाबांनी ठिगळ लावलेलं असायचं. काम मोठं असलं तर बाबा ताडपत्री रस्त्याच्या कडेला पसरायचे आणि तिच्यावरच मांडी घालून हाताने टाके घालायचे. त्यांचं सगळं काम जमिनीवर बसून.

भिंतीच्या पलीकडे गोदामवाल्याने मातीचा भराव टाकून जमीन उंच केली होती. भिंत मात्र तीच जुनी ठेवली. ती आमच्या बाजूला कलायला लागली तेव्हा बाबांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर येऊन बघून गेला, "करून घेतो" म्हणाला. पुढे कोणी काही केलं नाही. हिवाळ्यातल्या एका दुपारी ती भिंत पडली. वारा नाही, पाऊस नाही, कुठल्या गाडीचा धक्का नाही. बाबा पाण्याची बाटली घ्यायला बाजूला झुकले होते म्हणून डोकं वाचलं. उजवा पाय गुडघ्यापासून खाली विटांत सापडला.

मी तेव्हा दापोड्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, टाइप करत होते. फोन आला तशी रिक्षा करून हॉस्पिटलला गेले. बाबा स्ट्रेचरवर होते, चेहरा पांढरा पडलेला. मला बघून पहिलं वाक्य बोलले, "ती हिरवी ताडपत्री नाशिकवाल्याची हाय. तो येल संध्याकाळी. त्याला दे."

पहिल्या दिवसाचे पैसे मॅनेजरने भरले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत." दुसरं ऑपरेशन ठरलं तेव्हापासून त्याने माझा फोन उचलणं बंद केलं. मी गोदामावर गेले तर वॉचमनने गेटवरच थांबवलं. तोच वॉचमन, ज्याला बाबांनी भिंतीबद्दल सांगितलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब नाहीत." पोलिसांनी तक्रार लिहून घेतली होती. तिचं पुढे काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पायात रॉड बसला. पाय वाचला, पण आखूड झाला आणि गुडघा वाकेना. मांडी घालणं संपलं. डॉक्टर म्हणाले, पुढे रॉड काढायला आणखी एक ऑपरेशन लागेल, आणि ते केलं नाही तर दुखणं वाढत जाईल. घर आईच्या भिशीवर आणि माझ्या पगारावर आलं. भिशी म्हणजे लूमवाल्या कामगारांची खानावळ. आमच्या खोलीच्या पुढच्या पडवीत दोन पाळ्यांत माणसं जेवायची, आई पहाटेपासून भाकऱ्या थापायची आणि आता बाबा बसल्या जागेवरून भाजी निवडून द्यायचे.

आमच्या ऑफिसच्या मालकाची प्रकरणं बघणाऱ्या एक वकील मॅडम होत्या. त्यांचं ऑफिस कोर्टाच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानावर. जिना अरुंद होता. बाबा कुबड्या घेऊन एकेक पायरी चढले, मागून आई, पुढे मी. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हॉस्पिटलचे कागद पाहिले, पडलेल्या भिंतीचे मी मोबाइलवर काढलेले फोटो पाहिले.

"केस चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझी फी आपण नंतर बघू. पण कोर्टाची फी मला सोडता येत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात जेवढी रक्कम मागाल, त्या मानाने कोर्ट फी भरावी लागते."

मी विचारलं, "रक्कम मिळाल्यावर ना?"

"नाही. मागताना."

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. आतापर्यंतचं हॉस्पिटल, पुढचं ऑपरेशन, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई, आणि शेवटी एक ओळ: वेदना व मानसिक त्रास. बाबांनी साठीपर्यंत काम केलं असतं असं धरून त्यांनी बेरीज केली. आकडा वाचून आई दचकली. एवढ्या रकमेशी आपला काही संबंध असू शकतो हेच तिला पटत नव्हतं. मग मॅडमनी त्याखाली कोर्ट फीचा आकडा लिहिला, आणि तो मात्र तिला लगेच कळला.

"म्हंजे पाय मोडला आमचा," आई म्हणाली, "आनि कोर्टात सांगायचं पैशे पन आमीच भरायचं?"

"हो काकू."

"बायांना माफ असतं असं आयकलं हाय. मी केली केस तं?"

मॅडम थोडं हसल्या. "बायकांना काही प्रकारच्या दाव्यांत माफ आहे. पण पाय काकांचा मोडलाय. दावा त्यांनाच लावावा लागेल."

बाबा इतका वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मालक कोर्टात आला, त्याला पन फी भरावी लागंल?"

"ज्याने दावा लावला तो भरतो," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्यावर लावला तो नाही."

फुकट कायदेशीर मदत मिळते का, हे मॅडमनीच आधी बघितलं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत होता. दाखला कुटुंबाचा निघतो. त्यात माझा पगार धरला, आईची भिशी धरली, आणि आम्ही मर्यादेच्या थोडे वर गेलो. घरी आल्यावर आई अगदी सरळपणे म्हणाली, "तू दोन-चार महिने नोकरी सोड ना. मंग बसंल त्यात." ती थट्टा करत नव्हती. मीही त्या रात्री त्याचा विचार केला. नोकरी सोडली तर फी वाचेल, पण घरभाड्याची नसली तरी औषधाची आणि किराण्याची सोय कोण करणार? केस लावण्याइतकं गरीब व्हायला आम्हाला परवडत नव्हतं.

मग दुसरा रस्ता राहिला. कायद्यात सोय आहे की ज्याच्याकडे फी भरायची ऐपत नाही त्याने कोर्टाकडे तसा अर्ज करायचा. कोर्टाला पटलं तर फी न भरता दावा चालतो. अशा माणसाला कागदावर नादार म्हणतात. मॅडमनी अर्ज तयार केला आणि बाबांना वाचून दाखवला. बाबांनी अर्थ विचारला.

"ज्याच्याकडे काही नाही, तो," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी सही केली. जिना उतरताना मला म्हणाले, "माझ्याकडं काय न्हाय असं मी कवा कोनाला बोललो न्हाय." मी म्हटलं, "बाबा, तो नुसता कायद्याचा शब्द आहे." त्यांनी कुबडी खालच्या पायरीवर टेकवली.

अर्ज पडून राहिला. तारखा पडत गेल्या. कधी समोरचा वकील नाही, कधी सरकारी वकिलांना वेळ हवा, कारण फी सरकारची म्हणून अर्जात सरकारही होतं, कधी जज साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला मी अर्धा दिवस सुट्टी घ्यायचे आणि बाबांना रिक्षाने न्यायचे. कोर्टाच्या आवारात बसायला बाकं होती, पण पाय लांब करून बसायला जागा नव्हती. बाबांचा पाय सरळच असायचा, येणारा-जाणारा अडखळायचा आणि बाबाच त्याची माफी मागायचे.

मध्ये आमच्या मालमत्तेची चौकशी लागली. तलाठी घरी येणार असं कळलं, तेव्हा आईने शेजारणीला विचारून ठेवलं होतं की एका दिवसापुरता फ्रिज तुझ्याकडे ठेवू का. फ्रिज जुना, भिशीच्या भाजीसाठी घेतलेला. मी आणि आई तो सरकवायला लागलो तर बाबा पलंगावरून म्हणाले, "न्हाय. ठेवा तिथं."

"अहो, लिवतील ते," आई म्हणाली.

"लिवू दे. हाय तं हाय."

तलाठी तरुण होता, भला होता. आईने दिलेला चहा त्याने घेतला, बाबांच्या पायाची चौकशी केली आणि मग संकोचत लिहायला लागला. खोली स्वतःची, पक्की. फ्रिज एक. टीव्ही एक. गॅस. मुलगी नोकरीला. मी बाजूला उभी राहून त्याचं पेन हलताना बघत होते. एकेक वस्तू कशी घेतली ते मला आठवत होतं. टीव्ही मी पहिल्या पगारातून घेतला होता. खोलीसाठी बाबांनी अंबाडी गावाकडची होती तेवढी जमीन विकली होती. आमच्या घरात कष्टाने आलेली प्रत्येक गोष्ट आता आमच्याविरुद्ध लिहिली जात होती, आणि ज्याची भिंत पडली त्याच्या घरी काय काय आहे हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. तलाठी जाताना मला म्हणाला, "मॅडम, मी जे दिसलं तेच लिहिलंय." मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग बाबांची कोर्टात साक्ष झाली. सरकारी वकील वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी अहवाल हातात धरून विचारलं.

"खोली तुमच्या नावावर आहे?"

"हाय."

"घरात फ्रिज, टीव्ही आहे?"

"हाय."

"पत्नी खानावळ चालवते? मुलगी पगार आणते?"

"हा. दोघी कमावतात."

वकिलांनी कागद खाली ठेवला. "तुम्ही स्वतःला गरीब समजता का?"

आमच्या मॅडम उठायला लागल्या होत्या, पण त्याच्या आत बाबांनी उत्तर दिलं होतं. कुबडीवर भार देऊन ते थोडे ताठ झाले आणि म्हणाले, "न्हाय साहेब."

कोणी हसलं नाही. टाइप करणाऱ्या बाईने तेवढे शब्द टाइप केले. मॅडम खाली बसल्या. बाहेर आल्यावर मला वाटलं त्या बाबांना रागावतील, पण त्या फक्त म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला आधी समजावून ठेवायला हवं होतं." बाबा म्हणाले, "समजावलं असतं तरी तेच बोललो असतो." आईने मात्र रिक्षात बसल्यावर तोंड फिरवून घेतलं.  संध्याकाळी पहिल्या पाळीचे कामगार जेवायला आले, तेव्हा तिने बाबांच्या हातातून भाजीची परात काढून घेतली आणि स्वतःच निवडत बसली.

अर्ज नामंजूर झाला. खोली नावावर असल्याचं कारण दिलं होतं. बाबांच्या उत्तराचा उल्लेख निकालात होता की नाही हे मी वाचलं नाही. कोर्टाने फी भरायला मुदत दिली. मुदतीत फी भरली तर दावा पुढे चालणार होता.

मॅडम म्हणाल्या, खोली गहाण ठेवून पैसे उभे करता येतील. आई नाही म्हणाली. तिच्या भिशीची चूल त्याच खोलीत होती. मग दावाच लहान करायचा, असं ठरलं. रक्कम कमी मागितली की फी कमी. "पण एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आज जे सोडून द्याल ते या पायाबद्दल पुन्हा कधी मागता येणार नाही."

ती दुपार मला फार स्पष्ट आठवते. मॅडमच्या ऑफिसात आम्ही तिघं एका बाजूला, त्या दुसऱ्या बाजूला, मध्ये तो हिशेबाचा कागद. पंखा चालू होता म्हणून मी कागद बोटाने दाबून धरला होता. बाबांनी मला वरून खाली सगळं वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"ती शेवटची काय हाय?"

"वेदना आणि त्रास," मी म्हटलं.

"ती काढा."

"काका, ती कायद्याने मागता येते," मॅडम म्हणाल्या.

"दुखलं तं दुखलं. त्याचं काय पैशे घ्यायचे?" बाबा म्हणाले, आणि मॅडमनी त्या ओळीवर रेघ मारली.

तेवढ्याने भागलं नाही. मग पुढची कमाई आली. बाबांनी किती वर्षं आणखी काम केलं असतं, यावर आम्ही बोलायला लागलो. आई म्हणाली, तसे गुडघे आधीपासूनच दुखत होते त्यांचे. बाबांनी मान हलवली. म्हणाले, जमिनीवर बसायचं काम, पन्नाशीनंतर किती दिवस जमलं असतं कोण जाणे. आम्ही त्यांच्या आयुष्यातली कामाची वर्षं एकेक करून कमी करत होतो, आणि ते स्वतःच त्यात मदत करत होते. गोदामवाल्याचा वकील पुढे हेच म्हणणार होता, की हा माणूस तसाही थकलेला होता. ते त्याच्या आधी आम्हीच म्हणून मोकळे झालो. शेवटी उरलं हॉस्पिटल, पुढचं ऑपरेशन आणि थोडी कमाई. खाली जी बेरीज आली ती बघून बाबा म्हणाले, "एवढी बस."

फीसाठी मी ऑफिसातून पगारावर आगाऊ उचल घेतली. ऑनलाइन चलन भरलं, खालच्या झेरॉक्सवाल्याने त्याची प्रत काढून दिली. दुकानात गर्दी होती, सगळ्यांना काही ना काही भरायचं होतं. पुढचे बरेच दिवस पगाराच्या दिवशी उचलीची कपात बघताना मला कोर्टाची आठवण यायची. इतर वेळी येत नसे. माणसाला सवय होते.

दावा चालला, म्हणजे चालत राहिला. गोदामवाला एकदाही आला नाही, त्याचा वकील यायचा. भिंत शेजारच्या रस्त्याच्या कामामुळे पडली, असं त्यांनी लिहून दिलं. बाबांनी तिथे विनापरवाना दुकान थाटलं होतं, असंही दिलं. ते खोटं नव्हतं. भाडं बाबा वॉचमनमार्फत द्यायचे आणि पावती कधी मिळाली नव्हती. वॉचमनला साक्षीला बोलवावं असं मॅडमच्या मनात होतं, पण तो तोवर नोकरी सोडून उत्तर प्रदेशात गावाला गेला होता.

काही वर्षांनी प्रकरण लोकअदालतीत ठेवलं गेलं. तिथे एका टेबलाभोवती दोन्ही बाजू बसतात आणि तडजोड होते का ते पाहतात. समोरच्या वकिलाने निम्म्याहून कमी रक्कम देऊ केली. मी म्हटलं, खर्च तर कितीतरी जास्त झाला आहे.

तो फाइल उघडून म्हणाला, "ताई, तुमची मूळ मागणीच एवढीशी आहे. तुम्हीच लिहिलंय. यातून आम्ही किती देणार?"

मला त्याला सांगायचं होतं की ती मागणी आमची नव्हती, ती आम्हाला परवडलेली होती. पण ते सांगून काय होणार होतं? मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, लढायचं असेल तर लढू, निकाल आपल्या बाजूने लागेलही, पण मग अपील, आणि तिथे पुन्हा वर्षं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कुबडी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि पाय कोणाला लागू नये म्हणून टेबलाखाली ओढून घ्यायचा प्रयत्न करत होते.

"घेऊन टाक," ते म्हणाले. "मना आता इथं यायचं न्हाय."

त्यांनी सही केली. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मॅडम म्हणाल्या, "बघा, ही तरी सुटली." ती सुटायला कोर्टातून एक दाखला, मग ठाण्याला सरकारी कार्यालय, मग तिथून परत कोर्टात एका दुरुस्तीसाठी, कारण दाखल्यावर बाबांच्या आडनावाची वेलांटी चुकली होती. पैसे शेवटी खात्यात आले. मी तेव्हा दुपारच्या बिल्ट्या करत होते. मोबाइलवर मेसेज बघितला आणि पुढची बिल्टी घेतली.

तडजोडीच्या पैशातून रॉड काढायचं ऑपरेशन झालं. पाय दुखायचा कमी झाला, वाकत मात्र नाही. बाबा आता उंच स्टुलावर बसून टेबलावरच्या छोट्या मशीनवर रिक्षाच्या सीटची कव्हरं शिवतात. काम बरं येतं. ताडपत्री शिवायला कोणी आलं तर दुसरीकडे पाठवतात. काल्हेरच्या त्या रस्त्याने जाणं मी टाळत नाही. तिथे आता नवीन भिंत आहे, काँक्रीटची, चांगली जाड.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे आली. ती एका गोदामात पॅकिंगला जायची. लोखंडी मांडणी पडून तिच्या हाताची बोटं चिरडली होती, आणि ठेकेदार म्हणत होता की ती त्याच्याकडे कामाला नव्हतीच. आमची केस झाली होती हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"दीदी, कोर्ट में कितना लगता है?" तिने विचारलं.

 बाबा आत स्टुलावर होते, मशीन थांबवून ऐकत होते. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ नको.  पण थोड्या वेळाने मशीन पुन्हा चालू झालं.

मी पुन्हा अर्धा दिवस रजा टाकली आणि तिला कोर्टातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या खोलीत घेऊन गेले. रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मी उत्पन्नाचा दाखला नसल्याचं आधीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर परत फिरायला नको. टेबलामागच्या माणसाने वर बघितलं.

"बाई आहेत ना? मग दाखला नको. आधार आणि हॉस्पिटलचे कागद द्या."

तिने पिशवीतून कागद काढले. त्याने नाव-पत्ता लिहून घेतला, सही करायला सांगितली, तिने डाव्या हाताने कशीबशी केली. वकील नेमला की फोन येईल, असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर ती दारातच थांबली. "बस, इतना ही?"

"आज इतना ही," मी म्हटलं, आणि आम्ही रिक्षा बघायला लागलो.